एका कार्डावर एकच

केशरबाईच्या पोटात दुखायला लागलं ते पोळ्याच्या आठवड्यात, आणि त्या दुखण्यावर ओवा चालणार नव्हता. दुखण्याचं नाव होतं एक्क्याऐंशी.

झालं असं की रामकिसन सरांनी आठवीच्या पोरांची सराव चाचणी घेतली. पुढं मार्गशीर्षात केजला सरकारी स्कॉलरशिपची परीक्षा होती. ही परीक्षा आठवीत असताना एकदाच देता येते. दोन पेपर, नव्वद-नव्वद मार्कांचे, आणि जिल्ह्याच्या यादीत नाव लागलं की नववीपासून बारावीपर्यंत महिन्याला पाचशे रुपये. गावातली म्हातारी माणसं तिला अजून वजिफाच म्हणायची. तर त्या चाचणीत केशरबाईच्या भामाला नव्वदपैकी त्रेसष्ट पडले. त्रेसष्ट काही वाईट नाहीत. पण सरूला एक्क्याऐंशी पडले, आणि सरू म्हणजे केशरबाईच्या धाकट्या जावेची, मंजुळाची पोरगी.

दुसऱ्या कुणाची असती तर केशरबाईनं तिच्या हातावर साखर ठेवली असती. ती काही वाईट बाई नव्हती. पण मंजुळाची? केशरबाई स्वतः सातवी पास. गावातल्या बायका बँकेचे कागद, लेकरांच्या शाळेच्या चिठ्ठ्या तिच्याकडून वाचून घ्यायच्या. नवरा उत्तरेश्वर दूध संस्थेचा सचिव. भामाला नवं गाईड, नवी कंपासपेटी, आणि दिवे गेले तर म्हणून चार्जिंगची बत्ती. आणि मंजुळा? मंजुळा अंगठेबहाद्दर. दसरा झाला की दीर शहादेव आणि ती, नवराबायको मिळून एक कोयता, ट्रकात बसून ऊसतोडीला जायचे ते चैत्रातच परत. पोरगी तेवढे महिने मोठ्या जावेच्या घरी. आता तुम्हीच सांगा, सही करता न येणाऱ्या बाईच्या पोटी एक्क्याऐंशी आणि सातवी पास बाईच्या पोटी त्रेसष्ट, हा कुठला न्याय?

बरं, सरूचं खाण्यापिण्यात तिनं कधी कमी केलं नाही. भामाला दूध तर सरूला दूध, एकीच्या डोक्याला तेल तर दुसरीच्याही. बोट दाखवायची गावात कुणाची टाप नव्हती. पण पोळ्यानंतर केशरबाई बारकाईनं बघायला लागली. भामाचं गाईड झटकलं की पानांतून खोडरबरचा चुरा पडायचा. भामा तर उत्तरं वहीत लिहायची, पेनानं. मग हा चुरा कुठला? एक दिवस दिसलं. भामा भाकरी खात बसली की सरू ते गाईड उघडायची, शिसपेन्सिलीनं उत्तराभोवती गोल करायची, मागच्या उत्तरांशी ताडून बघायची आणि सगळं पुसून पुस्तक कोरं करून ठेवायची. कुणाला तोशीस नको म्हणून. केशरबाईला तिचा हा शहाणपणाही खुपला. पोरीनं एखादं पान फाडलं असतं तर बरं, दोन शब्द बोलता तरी आले असते.

दसऱ्याला ट्रक आला. शहादेवनं गाठोडी वर टाकली आणि भावजयीपुढं येऊन उभा राहिला.

"वहिनी, सर म्हणलेत सरूला वजिफा मिळल. मिळाला तर नववीला ठिवतो तिला, शब्द हाय माझा. न्हाई मिळाला तर पुढच्या सालाला बरोबर नेतो. आठवीपस्तोर शिकली, लई झालं."

मंजुळा पाया पडली. "अक्का, पोरगी तुमच्या वटीत."

"जा निवांत. मी हाय ना," केशरबाई म्हणाली, आणि म्हणताना तिला खरोखर भरून आलं. ट्रक वळणाआड गेला. मागं वळून बघते तर सरू डोळे पुसत भामाला कसलं तरी गणित सांगत होती आणि भामा मान हलवत होती. केशरबाईचं भरून आलेलं तिथल्या तिथं आटलं.

त्या साली, म्हणजे बारा सालात, पाऊस असा नव्हताच. विहिरी दिवाळीच्या आत तळाला गेल्या. मग दूध संस्थेनं फाट्यावर जनावरांची छावणी उघडली. तिथं टँकरचं पाणी आणि जनावरामागं मोजून चारा, चारा म्हणजे ऊसच. पण नियम कडक. जनावराच्या कानात बिल्ला, आणि एका रेशनकार्डावर पाचच जनावरं. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, पण कार्ड अजून एकच होतं. उत्तरेश्वरची चार आणि शहादेवची तीन, अशी सात जनावरं घेऊन गेले तर दोन परत आली. सचिवाचीच परत आली म्हटल्यावर नियम किती पक्का ते बघा.

त्या दोन गायी परत दावणीला बांधता बांधता केशरबाईच्या डोक्यात उजेड पडला. रॉकेल कार्डावर, साखर कार्डावर, घरकुल कार्डावर, आता चारासुद्धा कार्डावर. मग वजिफा काय वेगळा असणार? एका कार्डावर एकच देणार. म्हणजे भामा नाहीतर सरू.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. रामकिसन सर रोज तिच्या दारावरून जायचे, विचारलं असतं तर उभ्या उभ्या कळलं असतं. पण तिनं विचारलं नाही. खोटं ठरण्याची भीती वाटत असेल तर माणूस विचारत नाही, आणि केशरबाईला ही गोष्ट खरी हवी होती. आतापर्यंत नुसतं पोटात दुखत होतं, आता त्याला कारण मिळालं.

दुसऱ्याच दिवशी तिनं सरूला छावणीवर धाडलं. "जनावराजवळ माणूस लागतंय बाई. भामाला धुळीनं खोकला होतो. शाळा सुटली की तिकडंच जात जा, जेवण मी आणीन." सरू "बरं, मोठी माय" म्हणाली आणि गोधडी काखेत मारून निघाली. दिवसभर शाळा, मग फाट्यावर चालत जायचं, ऊस तोडून पाचांपुढं टाकायचा, शेण काढायचं. अभ्यास कधी करणार? केशरबाईनं हिशोब बरोबर मांडला होता.

मांडला होता, पण चुकला. एक दिवस डबा घेऊन गेली तर सरूच्या गोधडीखाली पिवळ्या पावत्यांचा गठ्ठा. रोजच्या चाऱ्याची पावती मिळायची ना, त्या. पालथ्या बाजूला ओळीनं चार-चार गोल, एकेक गोल काळ्या पेनानं काठोकाठ भरलेला. सरांनी सांगितलं होतं की उत्तराचा गोल अर्धा भरला तर मशीन वाचत नाही, म्हणून पोरगी गोल भरायची सवय करत होती. गणितंही होती, मुंगीएवढ्या अक्षरात. गाईड भामाच दप्तरातून शाळेत न्यायची आणि मधल्या सुट्टीत दोघी बसायच्या, हेही त्याच दिवशी कळलं. छावणीत संस्थेनं बल्ब लावले होते. गावात आठ-आठ तास वीज नसायची आणि इथं शेणात बसून पोरगी उजेडात अभ्यास करत होती. केशरबाईनं डबा ठेवला, गठ्ठा होता तसा सारला आणि घरापर्यंत ती स्वतःशीच चरफडत आली.

परीक्षा रविवारी होती. शुक्रवारी उत्तरेश्वर जेवताना म्हणाला, "रविवारी तहसीलची तपासणी हाय छावणीला. ज्याच्या दावणीला माणूस न्हाई त्याची जनावरं कमी करणारेत. मी रजिस्टर घेऊन टेबलावर. आपल्या जनावराजवळ कोण ऱ्हाईल?"

"सरू ऱ्हाईल की."

"तिची बी परीक्षा हाय ना?"

"एका कार्डावर एकच देतेत," केशरबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "दोघी बसल्या तर एकमेकीला आडव्या यायच्या. भामा चार महिन्यांनी मोठी हाय."

उत्तरेश्वरनं घास तोंडात फिरवला. कार्डाची भाषा त्याची रोजची होती. "असंल बी," तो म्हणाला, आणि ताटात हात धुतला. झालं, दोन माणसांनी मिळून एक कायदा केला.

शनिवारी संध्याकाळी केशरबाई छावणीवर गेली. सरू ऊस तोडत होती. उद्या दावणीलाच राहायचं, हे तिनं ऐकून घेतलं. कोयता बाजूला ठेवला.

"मोठी माय, माझं हॉलतिकीट आलंय. भामीच्या कंपासपेटीत हाय."

"आलं असंल बाई, पर एका घरातून एकच घेतेत. मी तरी काय करू?"

सरू म्हशीच्या पाठीवरची गोचीड काढत उभी राहिली. केशरबाईला वाटलं आता रडेल, आणि रडली तर काय बोलायचं ते तिनं ठरवूनही ठेवलं होतं. पण सरू रडली नाही. फ्रॉकच्या खिशातून काळा पेन काढून तिनं पुढं केला.

"भामीला द्या. तिचा लई बारीक लिहितो. गोल सबंध भर म्हणावं."

केशरबाईनं पेन घेतला.

रविवारी सकाळी जीपमध्ये भामानं विचारलं, सरू फाट्यावर बसणार का म्हणून. केशरबाईनं तपासणीचं सांगितलं. भामा आईकडं बघत राहिली. फाटा आला. जीप तिथं थांबली नाही, कारण केशरबाईनं थांबवायला सांगितलं नाही. छावणीच्या कडेला सरू उभी होती, न्हाऊन, वेणी घालून, शाळेच्या ड्रेसवर. जनावरं राखायला शाळेचा ड्रेस कशाला, असा एक रागीट विचार केशरबाईच्या मनात आला आणि तिनं मान दुसरीकडं केली. पोरगी आशेला लागून उभी होती, हे काय तिला कळलं नसेल? कळलं होतं. भामानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि सरूनंही हात केला.

केजला शाळेच्या फाटकात रामकिसन सर पोरांची मोजदाद करत उभे होते. भामाला आत सोडलं आणि मागं बघू लागले.

"सरू कुठंय?"

"तपासणी हाय छावणीला. तिला ठिवलंय."

"आज? आवो, आज ठिवलंय?"

केशरबाईनं पदर सारखा केला. "एका कार्डावर एकच देतेत ना सर. म्हणलं मोठीला बसवावं."

सरांना आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि हा शांत माणूस इतक्या हळू बोलला की तिला पुढं वाकावं लागलं. "कुणी सांगितलं तुमाला? हे रॉकेल हाय का? दोघींना मिळाली असती. एका घरातल्या चार पोरी पास झाल्या तर चौघींना मिळते." आत घंटा झाली, फाटक लागलं. "मला एकदा विचारायचं तरी."

सरांनी मोटारसायकल काढली. "बसा मागं. पहिला पेपर गेला. दुसऱ्याला तरी बसू द्या पोरीला."

चौदा किलोमीटर केशरबाई त्या माणसाच्या मागं कॅरिअर धरून बसली होती. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण सारखं डोक्यात येत होतं की सर माझ्या भामासाठी असे कधी धावले असते का.

छावणीत तपासणीचा पत्ता नव्हता. साहेब चारला येणार होता. सरूनं सरांना बघितलं आणि काही न विचारता टाकीवर जाऊन हातपाय धुतले. "पेन भामीकडं हाय," एवढंच बोलली. उत्तरेश्वर रजिस्टरवरून उठला, खिशातला पेन काढून तिच्या हातात दिला आणि बायकोकडं न बघता परत टेबलावर जाऊन बसला. मोटारसायकल गेली. दावणीला केशरबाई उभी राहिली. चारला साहेब आला, कानातले बिल्ले बघितले, नाव विचारलं आणि कागदावर तिच्या नावापुढं हजर लिहिलं.

संध्याकाळी दोघी पोरी बरोबरच आल्या. भामा आईशी बोलेना. जेवायला वाढलं तेव्हा म्हणाली, "पहिला पेपर मला सोपा गेला. सरूनं शिकिवलं तेच आलं सगळं." आणि ताट घेऊन सरूजवळ जाऊन बसली.

होळीच्या सुमाराला निकाल आला. सरांनी शाळेच्या भिंतीवर कागद डकवला. भामाचं नाव जिल्ह्याच्या यादीत होतं, शेवटून चौथं, पण होतं. उत्तरेश्वरनं पेढे आणले. केशरबाई पेढे वाटायला म्हणून शाळेत गेली आणि कागदापुढं खिळली. भामा, पहिला पेपर साठ, दुसरा सत्तावन्न. खाली सरू. पहिला पेपर गैरहजर. दुसरा अठ्ठ्याहत्तर.

जिंकली होती ना तिची पोरगी? पाहिजे होतं ते मिळालं होतं ना? मग खुशाल पेढा खावा माणसानं. पण तिला साठ दिसेना, सत्तावन्न दिसेना. पेढा घेता घेता जो तो म्हणायचा, "भामाचं झालं, चांगलं झालं. ती सरू पहिल्याला बसली असती तर जिल्ह्यात नाव काढलं असतं." अर्ध्या परीक्षेला बसून, धूळ झटकून मोटारसायकलवरून जाऊन अठ्ठ्याहत्तर. केशरबाई तो आकडा घेऊनच घरी आली आणि पेढ्याचा पुडा फडताळात तसाच राहिला.

चैत्रात ट्रक परत आला. मंजुळा उन्हानं कोळपून गेली होती, हाताला उसाच्या पात्यांचे चरे. मोठ्या जावेसाठी तिकडून लुगडं आणलं होतं, हिरवं, बारीक काठाचं. ते हातात ठेवलं आणि सरांनी दिलेला निकालाचा कागद पुढं केला.

"वाचून दावा अक्का. सरू नीट सांगंना."

सरू उंबऱ्यात उभी होती. केशरबाईनं वाचलं. "दुसरा पेपर, अठ्ठ्याहत्तर."

"आन पहिला?"

"गैरहजर."

मंजुळाला अक्षर येत नव्हतं, पण हजेरी चांगली समजत होती. टोळीत मुकादम रोज हजेरी घेतो, आणि एक दिवस चुकला की खाडा, खाड्याला दंड. "खाडा पडला व्हय," ती म्हणाली. "कावून?"

"जीप चुकली, माय," सरू उंबऱ्यातून म्हणाली.

हे ऐकून केशरबाईला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. उलट आतून काहीतरी पेटलं. म्हणजे इथंही हीच पुढं? मार्कांत पुढं, आणि आता मला पाठीशी घालण्यातही पुढं? तेरा वर्षांच्या पोरीचे उपकार? ते काही तिला सोसलं नाही.

"जीप चुकली न्हाई," ती म्हणाली. "मी नेली न्हाई हिला. एका कार्डावर एकच देतेत असं वाटलं मला."

मंजुळानं केशरबाईच्या हातातल्या लुगड्याची घडी उगाच सारखी केली.

"वाटलं," ती म्हणाली. "आन विचारलं न्हाई कुणाला."

"न्हाई विचारलं."

"बरं."

भांडण नाही, शिवी नाही. कागद घडी करून तिनं कनवटीला लावला. मग उठता उठता म्हणाली, "अक्का, आठ वर्षं सांभाळली तुमी पोरगी. आता तुमच्याकडं न्हाई ठिवायची."

केशरबाई म्हणाली की राहू दे, भामाच्या पैशात दोघींची नववी होईल. मंजुळानं नुसती नकाराची मान हलवली. सर शहादेवकडं दोनदा येऊन गेले, बीडच्या वसतिगृहाचं बोलले. शहादेवनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वजिफा मिळाला तर ठिवतो म्हणलतो सर. न्हाई मिळाला."

पुढच्या दसऱ्याला ट्रक आला तेव्हा सरू वर गाठोड्यांवर बसली होती. भामा चाकाला धरून उभी होती आणि खाली उतर म्हणत होती. ट्रक हलला तेव्हा सरांनीच तिला मागं ओढलं.

आता वर्गात भामाच्या पुढं कुणी नव्हतं. घटक चाचणीत तिचा पहिला नंबर आला, आणि तिनं तो घरी सांगितलाही नाही. दप्तरातल्या कागदावरून केशरबाईला कळला.

त्या दुपारी ती फडताळ आवरत होती. आठवीचं गाईड निघालं. शेजारच्या पोराला द्यावं म्हणून झटकलं, तर अजूनही थोडा चुरा पडला. पुस्तक कोरं होतं, सरूनं पुसून ठेवलेलं. पण दाराच्या उजेडात पान तिरकं धरलं की शिसपेन्सिलीचे दाब दिसत होते, पानोपानी गोल. केशरबाई उंबऱ्यात बसली. मागची उत्तरांची पानं काढून तिथं बोट ठेवलं आणि एकेक गोल ताडून बघायला लागली. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. दहा पानं झाली, वीस झाली. चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला, तरी ती उठली नाही. एक तरी चुकलेलं सापडावं म्हणून ती पानं उलटत राहिली.